समुद्रफुलाचा डीएनए चिकट येतोय, असाच सिक्वेन्सिंगला पाठवू का?

अजिंक्यतारा_९९:
नमस्कार मंडळी, मी साताऱ्यात एमएस्सी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला रत्नागिरीकडच्या खडकांवरची समुद्रफुलं म्हणजे सी अ‍ॅनिमोन घेतलीत. घरचे विचारतात कासची फुलं कमी पडली का म्हणून समुद्रातली आणायला गेलास, ते असो. ओहोटीला सॅम्पल काढली, लॅबमधून नेलेल्या ७० टक्के अल्कोहोलच्या बाटल्यांत अख्खीच टाकली आणि कुंभार्ली घाटातनं एसटीनं घेऊन आलो, तेव्हापासून फ्रीजरला आहेत.

आता प्रॉब्लेम असा आहे की टिश्यूचं नेहमीचं कॉलमवालं किट वापरलं तर लायसेट (पेशी फोडून केलेलं द्रावण) कॉलममधनं उतरतच नाही, चोंदतो, परत परत फिरवून कसंबसं उतरवलं तर शेवटी जे मिळतं ते टिपेला तार धरून वर येतं. नॅनोड्रॉप (प्रकाश किती शोषला त्यावरनं डीएनए मोजणारं यंत्र) दाखवतो ३८० नॅनोग्रॅम पर मायक्रोलिटर, २६०/२८० (प्रोटीन मिसळलंय का सांगणारं गुणोत्तर) आहे १.८५ म्हणून गाईड खूश, पण २६०/२३० (बाकीची घाण दाखवणारं) फक्त ०.५. जेलवर वेलमध्येच चमकतंय आणि खाली नुसता धूसर पट्टा. सीओआयचा (जात ओळखायला वापरतात त्या जीनचा) पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणं) लावला, बँडच नाही. सर म्हणतात कॉन्सन्ट्रेशन भरपूर आहे, पाठवून दे कंपनीला, होलजीनोम (सगळा डीएनए वाचणं) करून टाकू. मला धाकधूक वाटतेय कारण पैसे एकदाच मिळणारेत.

अजून एक, काही सॅम्पल आतनं तपकिरी आहेत, ते शैवाल म्हणे, त्याचा डीएनए पण येणार का यात? ह्याच सॅम्पलमधनं आरएनए निघेल का? आणि सर म्हणतायत पुढच्या वेळी मालवणवरनं प्रवाळाचा पण एखादा तुकडा आण, तुलनेला होईल. कुणी केलंय का हे आपल्याकडं?

मिरजेचा_पानवाला:
पानवाला म्हणजे तंबाखूवाला नव्हे, झाडाच्या पानांतनं डीएनए काढणारा. समुद्र मी फक्त गणपतीपुळ्याला बघितलाय त्यामुळं प्राण्याबद्दल बोलत नाही पण हा चिकटा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. तासगावच्या द्राक्षाच्या पानांत, हळदीच्या कंदात हेच होतं, पॉलिसॅकराइड डीएनएबरोबरच खाली बसतं आणि तळाला साबुदाण्याच्या खिरीसारखा पारदर्शक गोळा दिसतो. पोरं खूश होतात की पेलेट केवढं मोठं आलं! त्यात डीएनए चिमूटभर असतो. शुद्ध डीएनएचं पेलेट लहान असतं आणि पांढरट.

२३० ला शोषण वाढलंय म्हणजे कार्बोहायड्रेट नाहीतर किटातलं ग्वानिडीन राहिलंय. तुझ्या केसमध्ये तार धरतंय म्हणजे पहिलंच. ते ३८० मनावर घेऊ नकोस, क्यूबिटवर (फक्त डीएनएला चिकटणाऱ्या रंगानं मोजणारं यंत्र) मोजून बघ, कितीतरी खाली येईल, कारण नॅनोड्रॉप २६० ला जे जे शोषतं ते सगळं डीएनए धरतो, त्यात आरएनए पण आलं.

किट बाजूला ठेव आणि सीटॅब (एक डिटर्जंट, त्याच्यावरची पद्धत) कर. १९८७ चा डॉयल आणि डॉयलचा प्रोटोकॉल आहे, पानांसाठी लिहिलेला, पण चिकट प्राण्यांना पण लोक तोच वापरतात. २ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, २० मिलिमोलर ईडीटीए, १०० मिलिमोलर ट्रिस पीएच ८, ऐनवेळी थोडं मर्कॅप्टोइथेनॉल, ६५ डिग्रीला तासभर, मग क्लोरोफॉर्म आयसोअमाइल २४:१. खरी गंमत मिठात आहे. मीठ ०.७ मोलरच्या वर असेल तोवर सीटॅब डीएनएला खाली पाडत नाही, प्रोटीन आणि पॉलिसॅकराइडला मात्र धरून ठेवतं आणि ते सगळं मधल्या पांढऱ्या थरात जातं. त्यामुळं वरचं पाणी घेताना हावरटपणा नको, मधल्या थराच्या वर चांगलं बोटभर सोड. वरचं पाणी अजून दुधाळ असेल तर क्लोरोफॉर्म परत दे, मधला थर दिसेनासा होईपर्यंत देत राहा.

आयसोप्रोपॅनॉल घालायच्या आधी अजून थोडं ५ मोलर मीठ घाल. मीठ जास्त असलं की पॉलिसॅकराइड बरंचसं वरच राहतं, डीएनए बसतो. मग ७० टक्के इथेनॉलनं दोन वॉश, नाहीतर तेच मीठ पुढं त्रास देणार. आणि क्लोरोफॉर्म होईपर्यंत बर्फात ठेवू नकोस, ४ डिग्रीच्या सेंट्रिफ्यूजमध्ये पण नको, १५ च्या खाली गेलं की सीटॅबच साखळतं. आमच्याकडं डिसेंबरात सकाळी बाटली बघितली की तळाला पांढरं बसलेलं असतं, साताऱ्यात तर अजून गार. गरम केलं की विरघळतं, बाटली टाकून देऊ नका म्हणून सांगतोय.

पीसीआरचं पण एक कर. तुझा डीएनए १:१० आणि १:५० पातळ करून लाव, बीएसए (अडथळे शोषून घेणारं प्रोटीन) घालून. शिवाय जो डीएनए हमखास चालतो, माशाचा म्हण किंवा अजून कशाचा, त्याच्या ट्यूबमध्ये तुझा एक मायक्रोलिटर टाकून बघ. तो पण बंद पडला तर चिकट्यानं पॉलिमरेज (प्रती काढणारं एन्झाइम) अडवलाय हे सिद्ध झालं, प्रायमरला दोष देत बसायला नको.

खारं_वारं:
मी मूळची विट्याची, आता किनाऱ्यावरच असते, प्रवाळ आणि समुद्रफुलांवर काम केलंय. पानवाले दादांनी सीटॅबचं बरोबर सांगितलंय, त्यात भर घालण्यासारखं नाही. पण तुझी गोष्ट लॅबमध्ये यायच्या आधीच बिघडायला लागते.

समुद्रफूल म्हणजे आत पाणी भरलेली पिशवी असते. अख्खं ७० टक्क्यात टाकलं की आतलं पाणी बाहेर येतं आणि अल्कोहोल ५०-५५ वर येतं, वर तोंड मिटलेलं असतं त्यामुळं आत काही पोचत नाही आणि आतली एन्झाइम डीएनए तोडत बसतात. तुझा तो धूसर पट्टा त्याचाच असणार. पुढच्या वेळी ९५ टक्के घे, पायाकडचा तळवा किंवा भिंतीचा हरभऱ्याएवढा तुकडा काप, टिश्यू पेपरवर टिपून म्युकस काढ मग टाक, आणि दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदल. फक्त डीएनएच हवा असेल तर अल्कोहोलपेक्षा स्वस्त आणि चांगला उपाय म्हणजे डीएमएसओचं खारं द्रावण, २० टक्के डीएमएसओ, ०.२५ मोलर ईडीटीए आणि मीठ विरघळायचं थांबेपर्यंत. ईडीटीए पीएच ८ च्या आसपास आल्याशिवाय विरघळत नाही त्यामुळं सोडियम हायड्रॉक्साइड घालत बसावं लागतं, बाकी सोपं. बाहेरच्या तापमानाला टिकतं, पेट घेत नाही, एसटीत कंडक्टर विचारत नाही आणि कुरिअरवाला परत पाठवत नाही.

आता मला एक सांग, तुझी ती तपकिरी सॅम्पल एकेकटी होती का खडकावर सतरंजीगत पसरलेली, एकमेकांना चिकटलेली? कापताना सुरीखाली वाळू कचकचली का?

अजिंक्यतारा_९९:
हो मॅडम, पसरलेलीच होती, पिवळट तपकिरी, आणि वाळू लागत होती, मला वाटलं खालची आली असेल. फोटोत कडेला बारीक टेंटॅकल दिसतायत, दोन ओळीत आहेत असं वाटतंय.

खारं_वारं:
मग ती समुद्रफुलं नाहीत, झोअँथिड आहेत, बहुतेक पॅलिथोआ. कोकणच्या खडकांवर भरपूर असतात. ते वाळूचे कण मुद्दाम अंगात मुरवून घेतात, कापल्यावर कचकचतात ती तीच वाळू. नात्यानं समुद्रफुलांचे भाऊबंद, पण गट वेगळा.

इथं मी जरा रागावूनच सांगणारे. पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, १९७१ मध्ये हवाईच्या पॅलिथोआतनंच ते पहिल्यांदा वेगळं काढलं, आणि जगातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक आहे. घरच्या अ‍ॅक्वेरियममधल्या दगडावर उकळतं पाणी ओतून हे काढायला गेलेली माणसं वाफेनं दवाखान्यात गेलेली आहेत. उकळून ते मरत नाही. तेव्हा हातमोजे, चष्मा, कापताना अंगावर उडू द्यायचं नाही, कोरडी पावडर तर मुळीच करायची नाही, आणि उरलेलं सगळं बेसिनमध्ये न टाकता ब्लीचमध्ये भिजवून ठेवायचं. तुझी जात विषारी आहे की नाही ते आधी कळणार नाही, त्यामुळं आहे असंच धरून चाल.

पानवाले दादा, म्हणून तुमच्या लिक्विड नायट्रोजनच्या खलाला (गोठवून कुटण्याला) माझा विरोध आहे, तुम्ही अजून म्हणाला नाहीत पण म्हणणार होता :)

मिरजेचा_पानवाला:
लिहीतच होतो, पुसलं. पण मॅडम पान असो की प्राणी, बारीक केल्याशिवाय डीएनए मिळणार कसा?

खारं_वारं:
पानाला सेल्युलोजची भिंत असते म्हणून तुम्हाला दळावं लागतं. प्राण्याच्या पेशीला भिंत नाही, एसडीएस (डिटर्जंट) आणि प्रोटिनेज के (प्रोटीन तोडणारं एन्झाइम) मध्ये ५५ डिग्रीला रात्रभर ठेवलं की आपोआप फुटते. उलट सहजीवी शैवालाची भिंत एकदम कडक असते, ती फोडायला मणी घालून बडवावं लागतं. म्हणजे तुम्ही जितकं हळुवार काम कराल तितका प्राण्याचाच डीएनए बाहेर येतो आणि शैवाल सबंध राहतं, मग हलकंसं फिरवलं की तपकिरी गोळी तळाला बसते, वरचं उचलायचं आणि तिथनं पुढं तुमचा सीटॅब. नायट्रोजनमध्ये कुटलं की दोघंही फुटतात, मग वेगळं कोण करणार. शंभर टक्के काही निघत नाही पण फरक पडतो. लाँग रीड (डीएनएचे लांबच लांब तुकडे वाचणं) करायचे असतील तर वरचेवर पिपेटिंग, व्होर्टेक्स सगळं बंद, टिपेचं टोक कापून वापरायचं. आणि चिकटा राहिला तर नॅनोपोर सिक्वेन्सरची छिद्रं बुजतात, फ्लो सेल (त्यातली वाचणारी चिप) बघता बघता मान टाकतो, ते पैसे कंपनी परत देत नाही.

टेंटॅकलमध्ये शैवाल सगळ्यात जास्त, म्हणून तळवा घे म्हटलं. अजून चांगलं म्हणजे शैवाल नसलेलाच प्राणी घ्यायचा. सावलीतल्या कपारीत, दगडाखाली असतात अशी समुद्रफुलं. आणि जिवंत आणता आलं तर एक-दोन दिवस उपाशी ठेव, नाहीतर पोटातला खेकडा पण सिक्वेन्स होतो.

प्रवाळाचं उत्तर सरळ आहे, आणू नकोस. सगळे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या परिशिष्ट १ मध्ये आहेत, वाघ ज्यात आहे त्यात. लाटेनं किनाऱ्यावर टाकलेला मेलेला तुकडा पण उचलायचा नाही. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्याच्या हद्दीतनं प्रवाळच काय समुद्रफूलसुद्धा परवानगीशिवाय काढता येत नाही. वन खात्याकडं रीतसर अर्ज करावा लागतो आणि एमएस्सीच्या मुदतीत ते होणं अवघड. सरांना हे छापून दाखव.

कोरेगावची_कोडवाली:
पुण्यात डेटाचं काम करते, ओलं काम येत नाही. पण शैवालाचा हिशेब मांडून दाखवते म्हणजे सरांना पटेल. प्रयोगशाळेत पाळतात ते एक्झायप्टेशिया नावाचं समुद्रफूल, त्याचा जीनोम २०१५ ला आला, साधारण २६० मेगाबेस (२६ कोटी अक्षरं). त्याच्यासारख्या प्राण्यांत राहणारं ब्रेव्हिओलम मिन्युटम हे शैवाल, २०१३ चा जीनोम, अंदाज दीड गिगाबेस (१५० कोटी). प्राण्याच्या पेशीत जीनोमच्या दोन प्रती, शैवालात एक. आता दहा प्राणीपेशींमागं एकच शैवाल धर. प्राणी ५.२ गिगाबेस, शैवाल १.५, म्हणजे पाचव्या हिश्शाहून जास्त रीड (वाचलेले तुकडे) शैवालाचे. दोनामागं एक असेल तर निम्म्याहून जास्त पैसे शैवालावर गेले. तपकिरी टेंटॅकलमध्ये काय होत असेल बघ.

नंतर कॉम्प्युटरवर वेगळं करता येतं, शैवालांचे बरेच जीनोम आता आहेत, प्राण्याच्या जवळच्या जीनोमबरोबर एकत्र ठेवून रीड कुणाला जास्त जुळतात ते बघायचं. पण झोअँथिडचं हातात काही तयार नसेल तर ना इकडं ना तिकडं अशी मोठी रास उरते. त्यामुळं होलजीनोमचा हट्ट कशाला? प्रोजेक्ट जात ओळखायचा असेल तर चार-पाच जीन सँगरनं (एकेक तुकडा वाचायची जुनी पद्धत) कर. आणि सीओआयवर भिस्त नको, प्रवाळ-समुद्रफुलांच्या घराण्यात मायटोकाँड्रियाचा डीएनए इतका हळू बदलतो की शेजारशेजारच्या जाती एकसारख्याच दिसतात. आयटीएस, २८एस हे केंद्रकातल्या डीएनएचे भाग जोडीला घे. फक्त १८एस किंवा आयटीएसचे सर्वांना चालणारे प्रायमर लावलेस तर सुंदर बँड येईल आणि सिक्वेन्स शैवालाचा निघेल, ब्लास्ट (डेटाबेसशी जुळवून बघणं) केल्याशिवाय पेढे वाटू नको.

प्रवाळाशी तुलना हवी तर डेटा फुकट पडलाय. अ‍ॅक्रोपोरा डिजिटिफेरा या प्रवाळाचा जीनोम २०११ पासून उघडा आहे, नेमाटोस्टेला या समुद्रफुलाचा तर २००७ पासून, आणि त्यात सहजीवी शैवालच नसतं त्यामुळं शिकायला एकदम स्वच्छ. साताऱ्यात बसून उतरवून घे, मालवणला कशाला जातोस.

अजिंक्यतारा_९९:
सगळ्यांचे खूप आभार, सरांना वाचून दाखवलं, विषाचं ऐकून पहिल्यांदा फ्रीजरला पाटी लावली. होलजीनोम तूर्त बाजूला ठेवायला तयार झालेत. आरएनएचं मात्र त्यांच्या डोक्यात आहेच, कारण ट्रान्स्क्रिप्टोम (चालू असलेल्या जीनांचं सगळं आरएनए वाचणं) केला तर पेपर होईल म्हणतात. कपारीतली खरी समुद्रफुलं आणायचं ठरतंय. आरएनएसाठी सॅम्पल गोठवायला लिक्विड नायट्रोजन साताऱ्यात कुठं मिळणार पण?

ढोरांचा_डॉक्टर:
हे मला माहितीये म्हणून मध्ये तोंड घालतो, बाकीचं सगळं डोक्यावरनं गेलं. गावोगावी गायी-म्हशींना भरवायच्या रेताच्या कांड्या लिक्विड नायट्रोजनमध्येच असतात, उणे १९६. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, दूध संघाच्या सेंटरवर कंटेनर असतोच आणि भरणारी गाडी ठरलेल्या वारी येते. कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज घेऊन जा, गाडी यायच्या दिवशीच जा, म्हणजे आमच्या कांड्या उघड्या पडायची भीती नाही आणि दोन-तीन लिटर कुणी नाही म्हणत नाही. स्वतःचं नायट्रोजनचंच भांडं न्या, चहाचा थर्मास आणि वर घट्ट झाकण असलं काही करू नका, फुटतं. बंद काचांच्या गाडीत पण नको, हवेतला ऑक्सिजन कमी होतो नि माणसाला कळत पण नाही. पायात बूट घाला, चपला नकोत.

खारं_वारं:
डॉक्टरांनी काम केलं. पण नायट्रोजन साताऱ्यात असून उपयोग नाही, आरएनए मरतं ते किनाऱ्यावर. फ्रीजरमधल्या अल्कोहोलच्या सॅम्पलमधनं ट्रान्स्क्रिप्टोमच्या लायकीचं आरएनए निघायची आशा सोड. प्राणी खडकावरनं खरवडला की लगेच ताणाचे जीन वर जायला लागतात, त्यामुळं कापलं की तिथल्या तिथं आरएनएलेटरमध्ये (आरएनए टिकवणारा द्रव). तुकडा अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको, द्रव तुकड्याच्या दहापट, आणि आतलं पाणी आधी दाबून काढायचं. एक रात्र साध्या फ्रीजमध्ये ४ डिग्रीला मुरू दे मग उणे ८०. घाटातनं येईपर्यंत बर्फाच्या पेटीत आरामात टिकतं.

काढताना ट्रायझॉल (फिनॉलवालं द्रावण). एक मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमच घे, लोक जास्त घालतात नि मग वरचा थर घट्ट होऊन बसतो. क्लोरोफॉर्मनंतर नुसतं आयसोप्रोपॅनॉल घातलंस तर चिकटा परत बरोबर येणार, म्हणून पाव मिलिलिटर आयसोप्रोपॅनॉल आणि पाव मिलिलिटर खारं द्रावण, ०.८ मोलर सोडियम सायट्रेट आणि १.२ मोलर मीठ. आरएनए बसतं, पॉलिसॅकराइड वर राहतं. एवढं करून २६०/२३० सुधारला नाही तर लिथियम क्लोराइड, शेवटी २.५ मोलर होईल इतकं, उणे २० ला अर्धा तास. ते आरएनएलाच पाडतं, डीएनए आणि बाकी गाळ वरच्या पाण्याबरोबर फेकून द्यायचा. मग डीएनएज (उरलेला डीएनए तोडणारं एन्झाइम). नॅनोड्रॉपचा आलेख २७० कडं सरकलेला दिसला तर फिनॉल राहिलंय.

कुटायचंच असेल तर इथं कुट, डॉक्टरांच्या नायट्रोजनमध्ये, पण पॅलिथोआ नाही, नक्की ओळखलेलं समुद्रफूलच. खल आधी थोडं थोडं ओतून गार कर, एकदम ओतलंस तर तडकतो.

कोरेगावची_कोडवाली:
एक राहिलंच, पॉली-ए (शेपटीला ए अक्षरांची रांग असलेलं आरएनए) निवडलं म्हणजे शैवाल गेलं असं समजू नका, शैवालाच्या एमआरएनएला पण पॉली-ए शेपूट असतं. जातं ते बॅक्टेरियाचं.

मिरजेचा_पानवाला:
आणि लेबल पेन्सिलीनं, कागदाच्या चिठ्ठीवर, बाटलीच्या आत. मार्करचं अल्कोहोलनं पण जातं आणि डीएमएसओनं पण. जाताना अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी बघून जा, पाणी जास्त आत जातं, तुझ्या कपारी तेव्हाच उघड्या पडतील.